योगाची मॅट बदलली तरी हात घसरतातच? आधी घसरतंय कुठे ते शोधा

हात-पाय टेकून कंबर उंच न्यायच्या अधोमुख श्वानासनात दोन-तीन श्वास होत नाहीत तोच तळवे पुढे सरकायला लागतात. हात उचलून मागे आणायचे, ते पुन्हा सरकतात, पुन्हा आणायचे. खांदे भरून येतात, श्वास तुटतो आणि सगळं लक्ष आसनावरून उडून हातांवर जातं. मी गेली काही वर्षं नवशिक्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून उभी राहते. प्रत्येक नव्या तुकडीत पहिल्या दोन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. त्यावर ठरलेलं उत्तरही लगेच येतं : "चांगली मॅट घे." नवी मॅट येते, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी हात पुन्हा सरकतात.

मी स्वतः यातून गेले आहे. पहिली मॅट घसरते म्हणून दुसरी घेतली. "जितकी जाड तितकी चांगली" असं विकणाऱ्याने सांगितलं, म्हणून ती चांगली दहा मिलिमीटर जाडीची, गुबगुबीत घेतली. तिच्यावर हात तर सरकतच राहिले, वर मनगटंही दुखायला लागली. तिसरी मॅट आणल्यावर कधीतरी पहिलीच काढून नीट धुतली आणि वापरून बघितली, तर ती उत्तम होती. तिच्यात दोष नव्हताच. दोष शोधायच्या आधीच मी उपाय विकत आणला होता. म्हणून आता कुणीही विचारलं की मी मॅटचं नाव सांगत नाही, आधी एक चाचणी करायला सांगते.

पाच श्वासांची चाचणी

मॅट रोजच्या जागी अंथरा. तिच्या चारही कोपऱ्यांना अगदी भिडवून जमिनीवर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. मग अधोमुख श्वानासनात या आणि दोन्ही हातांच्या मधल्या बोटांच्या टोकांपाशी कुणाला तरी मॅटवर खडूने बारीक रेघ ओढायला सांगा. एकटे असाल तर आधी रेघ ओढून बोटं तिला टेकवा. पाच सावकाश श्वास घ्या. सरकलात तरी हात परत मागे आणू नका. मग अलगद गुडघे टेकून खाली बघा.

मॅटची कड पट्टीपासून सुटली असेल, तर मॅट जमिनीवर सरकते आहे. मॅट जागच्या जागी आणि बोटं रेघेच्या पुढे, तर तळवा मॅटवर सरकतो आहे. कोपरे जागेवर आहेत, पण मधे सुरकुत्या पडल्या आहेत किंवा रेघच पुढे गेली आहे, तर मॅट ताणली जाते आहे. आणि काहीच हललं नाही, तरीही सगळा वेळ "आता घसरणार" असं वाटत राहिलं, तर प्रश्न मॅटचा नाही, वजन कुठे पडतंय याचा आहे. चौथा प्रकार लोकांना खोटा वाटतो, पण वर्गात तो बराच दिसतो.

चारही प्रकारांवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर करून उपयोग नाही, उलट कधी कधी त्रास वाढतो.

मॅट जमिनीवर सरकते

बहुतेक वेळा कारण धूळ. गुळगुळीत फरशीवर बारीक धुळीचा थर असला की तो मॅटखाली भुकटीसारखं काम करतो. मॅटची खालची बाजू तर कुणी पुसतच नाही. तिच्यावरून बोट फिरवून बघा, बोटाला राखाडी थर लागेल. फरशी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, मॅटची खालची बाजूही पुसा, मगच अंथरा. फरशी ओलसर असतानाच मॅट टाकली तर खाली पाण्याचा पातळ थर राहतो आणि ती आणखी सरकते.

गालिच्यावर मॅट अंथरत असाल तर मॅट बदलून काही होणार नाही. खालचा गालिचा मऊ, वर मॅट, आणि तुम्ही जोर लावता तसा गालिचाच दबतो नि सरकतो. कडक, सपाट जमीन शोधा.

सतरंजीचंही तेच. सुती सतरंजी बसायला आणि झोपून करायच्या आसनांना फार चांगली, पण गुळगुळीत फरशीवर उभं राहून पाय फाकवायच्या आसनांना ती एकटी नको. तिच्याखाली पातळ रबरी मॅट घाला.

तळवा मॅटवर सरकतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण यात तीन वेगवेगळी कारणं एकासारखी दिसतात.

पहिलं कारण नव्या मॅटचं. कारखान्यातून आलेल्या पीव्हीसीच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) मॅटवर बऱ्याचदा एक पातळ, निसरडा थर असतो. हात फिरवला की मेणकट लागतो. तो वापराने जातो, पण तोवर लोक मॅटला नावं ठेवून मोकळे होतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ फडक्याने मॅट पुसा, मग निव्वळ पाण्याने दोन वेळा पुसा आणि सावलीत वाळवा. दोन वेळा म्हणते आहे ते मुद्दाम. साबणाचा अंश राहिला तर पहिल्या घामाबरोबर तो पुन्हा निसरडा होतो, आणि "धुतल्यावर जास्तच घसरायला लागली" ही तक्रार तिथूनच येते. नैसर्गिक रबराच्या मॅटला ऊन नको, तेलकट काही नको. उन्हात ती कडक होते, भुरभुरते आणि तिचं आयुष्य कमी होतं. वास येत असेल तर वारा खेळेल अशा सावलीच्या जागी दोन-चार दिवस उघडून ठेवा.

दुसरं कारण हातापायांना लावलेलं तेल किंवा क्रीम. सकाळी अंघोळीनंतर लावलेलं क्रीम संध्याकाळच्या सरावात त्रास देईल असं कुणाला वाटत नाही, पण ते देतं. शिवाय रोज तेच दोन ठसे पडतात त्या जागी मॅट तेल शोषून घेते. मॅट उजेडात तिरकी धरून बघा, तळव्यांच्या जागी दोन चकचकीत डाग दिसतील. बाकीची मॅट खरखरीत आणि नेमकी हाताखालची जागा गुळगुळीत. ज्या मॅटवर पॉलियुरेथेनचा वरचा थर असतो, तिची पकड घामातही छान टिकते, पण तेलाचे डाग तिच्यावर सगळ्यात लवकर बसतात. अशा वेळी तेवढीच जागा पुन्हा पुन्हा पुसा आणि मॅट अधूनमधून उलट टोकाकडून अंथरा, म्हणजे हातांची जागा पायांखाली जाईल.

तिसरं कारण तळव्याचा ओलावा. इथे मात्र प्रत्येकाची त्वचा वेगळी, त्यामुळे शेजारच्याची मॅट तुम्हाला चालेलच असं नाही. घाम खूप येत असेल तर बंद छिद्रांच्या मॅटवर तो आत मुरत नाही, वरच साचतो आणि हात पोहायला लागतात. अशी मॅट पुसायला सोपी, पण घामाच्या हातांना अवघड. त्यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे हाताखाली सुती कापड किंवा सूक्ष्म तंतूंचा टॉवेल. तो कोरडा असताना स्वतःच सरकतो, म्हणून सुरुवातीला त्याच्या पुढच्या भागावर पाण्याचा हलका शिडकावा करायचा. कॉर्कच्या (बुचाच्या) मॅटचंही तसंच, किंचित ओलसर झाली की ती जास्त धरते. कोरड्या हातांनी पहिल्याच मिनिटात कॉर्कची परीक्षा घेऊन तिला नापास करू नका.

आणि कोरडे तळवेही घसरतात. हे ऐकून लोक चमकतात. आज सगळीकडे दिसणारी चिकट मॅट मुळात एका कोरड्या तळव्यांच्या अडचणीतून आली. तरुणपणी झालेल्या शस्त्रक्रियेमुळे योगशिक्षिका अँजेला फार्मर यांच्या हातापायांना घाम येत नसे आणि आसनात त्यांचे हात-पाय सरकत. जर्मनीत शिकवत असताना त्यांना गालिचा सरकू नये म्हणून त्याखाली घालतात ते अस्तर सापडलं आणि त्यावर त्यांचे हात टिकले. तेव्हा तुमचे तळवे कोरडे, खरखरीत असतील तर टॉवेल हा तुमचा उपाय नाही, त्याने उलट जास्त घसराल. ओल्या फडक्यावर तळवे नुसते टेकवा, झटका आणि मग हात ठेवा. मॅट घ्यायचीच असेल तर नैसर्गिक रबराची घ्या, पण लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) ॲलर्जी असेल तर ती टाळा.

मॅट ताणली जाते

वीरभद्रासनात पाय लांब केले की दोन पायांमधली मॅट लांबट होते, पाय हळूहळू आणखी दूर जातात आणि जांघेत ताण येतो. हे फार मऊ, फेसाळ मॅटचं लक्षण आहे. या मॅट बहुधा आठ ते पंधरा मिलिमीटर जाडीच्या असतात आणि पाठीवर झोपून करायच्या व्यायामाला ठीक असतात. उभ्या आसनांसाठी त्या बनलेल्याच नसतात. धुवून, पुसून, घासून हा दोष जात नाही. ती मॅट टाकून देऊ नका, शवासनाला आणि गुडघ्याखाली घडी करून वापरा. उभ्या आसनांसाठी मात्र वेगळी हवी.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे : नवशिक्याने चार ते पाच मिलिमीटरच्या आसपास थांबावं. दीड-दोन मिलिमीटरची मॅट घडी घालून न्यायला सोयीची, पण कडक जमिनीवर गुडघे बोलतात. सहाच्या पुढे गेलात की तळपायाला जमीन लागत नाही. एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात पाऊल सारखं डुगडुगतं आणि आपल्याला वाटतं आपला तोल वाईट आहे. एकदा मॅटवरून उतरून नुसत्या जमिनीवर उभे राहून बघा. बऱ्याच जणांचा तोल त्या एका पावलात सुधारतो.

जाड मॅटवर मनगट दुखण्याचं कारणही हेच. हात टेकवला की तळव्याचा मनगटाकडचा भाग खाली रुततो, बोटं वर राहतात आणि मनगट काटकोनाच्याही पलीकडे मोडतं. सगळं वजन त्या एका घडीत येतं. कडक पृष्ठभागावर मनगट वाचतं, हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. तरीही दुखत असेल तर पातळ मॅटची किंवा घोंगडीची पाचरीसारखी घडी करून ती तळव्याच्या मनगटाकडच्या भागाखाली घाला, म्हणजे मनगटाचा कोन कमी होईल. मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा राहत असेल तर हा साधनांचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्यांसाठी जाड मॅट घेण्याचीही गरज नाही. मार्जारासनात गुडघा टोचतो तेवढ्यापुरती घडी केलेली घोंगडी खाली सरकवा आणि उभं राहताना काढून टाका.

काहीच हललं नाही, तरी घसरल्यासारखं वाटतं

चाचणीत रेघ जागेवर आणि पट्ट्याही जागेवर असतील, तर हातांकडे बघा. नवशिक्यांचे हात बहुतेक वेळा असे असतात : बोटं जवळजवळ, तळव्याची बाहेरची कड दाबलेली आणि अंगठा नि तर्जनीच्या मधला भाग हवेत. त्या उचललेल्या भागाखाली कागदाची पट्टी सरकवली तर ती सहज आत जाते. म्हणजे अर्धाच हात जमिनीवर आहे, आणि पूर्ण हाताचं काम तो अर्धा हात करतो आहे. बोटं पसरा, तर्जनीचं मूळ मुद्दाम खाली दाबा आणि कागद पुन्हा घालून बघा. तो अडला की समजा हात बसला.

मग अंतर. हात-पाय फार लांब असतील तर हात तिरके पडतात आणि जोर खाली जाण्याऐवजी पुढे जातो. अशा वेळी जगातली कुठलीही मॅट कमी पडेल. अंतर मोजायची सोपी रीत : हात खांद्यांखाली आणि अंग सरळ फळीसारखं अशा स्थितीत या, तिथून हात-पाय न हलवता कंबर वर आणि मागे न्या. जे अंतर येतं ते तुमचं. मागच्या मांड्या आखडलेल्या असतील तर गुडघे खुशाल वाकवा. पाय सरळ करण्याच्या हट्टात सगळं वजन हातांवर येतं. गुडघे वाकवले की कंबर मागे जाते, वजन पायांकडे सरकतं आणि हातांवरचा पुढे ढकलणारा जोर कमी होतो.

वर्गात एका मुलीने याच कारणासाठी नवी मॅट आणायचं ठरवलं होतं. तिला फक्त गुडघे वाकवून कंबर मागे न्यायला सांगितलं. तिने पाच श्वास घेतले, खाली आली आणि मॅटकडे बघत बसली. रेघ जिथल्या तिथे होती.

बाकीच्या साधनांच्या नेहमीच्या तक्रारी

ठोकळे, पट्टे, लोड, घोंगड्या, खुर्च्या यांचा आसनांत इतका बारकाईने वापर रुजवला तो पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर जमीन शरीरापर्यंत आणायची, असं मी ते स्वतःला समजावते. पण साधन चुकीचं वापरलं की तेच त्रास देतं, आणि मग लोक ते कोपऱ्यात टाकतात.

"त्रिकोणासनात हाताखालचा ठोकळा डगमगतो." बहुधा तो जाड मॅटवर उभा असतो, किंवा अर्धा मॅटवर नि अर्धा जमिनीवर. सरळ नुसत्या जमिनीवर ठेवा. नेहमीचा ठोकळा साधारण २३ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि साडेसात ते १० जाड असतो, म्हणजे त्याच्या तीन उंची मिळतात. सुरुवातीला सगळ्यात उंच बाजू घ्या. फोमचा ठोकळा हलका असतो पण वजनाखाली दबतो, कॉर्कचा जड आणि स्थिर. हातावर वजन घेणार असाल तर कॉर्क किंवा लाकूड बरं. पाठीखाली ठेवणार असाल तर लाकूड फार टोचतं.

"पट्टा सैल होत जातो." बहुतेक वेळा कड्यांतून ओवण्यात चूक असते, पट्ट्यात नाही. दोन कड्यांचा पट्टा असेल तर टोक आधी दोन्ही कड्यांतून एकाच दिशेने बाहेर काढा. मग मागे वळवून जवळच्या कड्याच्या वरून न्या आणि फक्त दुसऱ्या कड्यातून आत ओढा. आता टोक खेचलं की पट्टा आवळतो आणि फासावर ताण आला तरी सुटत नाही. अंगावर ताण घेण्यापूर्वी फास दोन्ही हातांनी जोरात ओढून बघाच. लांबी १.८ मीटर असेल तर पाय धरायला पुरते. कंबर आणि तळपाय एकाच फासात घ्यायचे असतील तर २.४ मीटर हवी. आणि पाय लांब करून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात पट्टा ओढून स्वतःला खाली खेचू नका. पट्टा धरायचा तो पाठ लांब राहावी म्हणून. पाठीची कमान झाली तर पट्टा थोडा सोडा.

"मांडी घालून बसलं की पाच मिनिटांत कंबर दुखते." गुडघे कमरेपेक्षा वर आहेत का बघा. असतील तर घोंगडीच्या घट्ट घडीवर बसा आणि गुडघे कमरेच्या पातळीला किंवा खाली येईपर्यंत घड्या वाढवा. उशी चालत नाही, ती दबते आणि पुन्हा कंबर मागे कलंडते. घडीच्या मधोमध न बसता पुढच्या कडेवर बसायचं, पाय जमिनीवर.

सर्वांगासनासाठी "मान दुखू नये म्हणून" मऊ गादी घालणं हे मात्र अजिबात करू नका. मऊ गादीत खांदे रुततात आणि भार मानेवर येतो. घट्ट घड्यांवर खांदे, डोकं नि मान घडीबाहेर खालच्या पातळीला, अशी ती रचना असते. आणि ती पहिल्यांदा शिक्षकांच्या नजरेखालीच करायची.

मग विकत काय घ्यायचं?

पहिले महिनाभर एक मॅट, दोन घोंगड्या आणि घरातली खुर्ची, बस. चाचणी करून कारण कळल्यावर पुढचं घ्या. साधारण मॅट ६१ सेंटिमीटर रुंद आणि १७३ लांब असते. शवासनात टाचा किंवा डोकं बाहेर जात असेल तर १८३ ची घ्या. दुकानात फक्त अंगठ्याने दाबून मॅट निवडू नका. ती जमिनीवर अंथरून गुडघे नि हात टेका, तळवा पुढे ढकलून बघा आणि दोन हातांत धरून ताणा. ताणल्यावर लांब होऊन लगेच परत येत नसेल, तर उभ्या आसनांत ती तशीच लांबत राहील.

गुंडाळताना वापरायची बाजू बाहेर राहील अशी गुंडाळा. त्यामुळे मॅटची टोकं जमिनीकडे वळतात. आत गुंडाळली तर टोकं वर उचलली जातात आणि पुढच्या कडेला पाय अडखळतो. घामेजलेली मॅट तशीच गुंडाळून पिशवीत कोंबू नका, निदान अर्धा तास उघडी ठेवा.

हाताखालून बारीक चुरा निघायला लागला, किंवा ठशांच्या जागी मॅट पातळ होऊन खालची वीण दिसायला लागली, तर पुसण्याने काही होणार नाही. तेव्हा खरंच नवी मॅट घ्यायची. जुनीचा चांगला राहिलेला भाग चौकोनी कापून गुडघ्याखाली ठेवायला काढून ठेवा.